डॉक्टरचा परवाना कोण काढून घेतो?

डॉक्टरकडून चूक झाली असं वाटलं, तर तक्रार करायची कुठे?

हा प्रश्न माणसाला पडतो तो सगळ्यात वाईट वेळी. घरातलं कुणी गेलेलं असतं किंवा कायमचं अधू झालेलं असतं, बिल भरून झालेलं असतं आणि भोवती सल्ला देणारे जमलेले असतात. एक म्हणतो पोलिसांत जा, दुसरा म्हणतो ग्राहक मंचात खेचा, तिसरा नगरसेवकाला फोन लावतो. कधीकधी चौथा थेट दवाखान्याच्या काचा फोडतो. महाराष्ट्रात २०१० पासून तो स्वतंत्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. म्हणजे फिर्यादी होऊ शकला असता तो माणूस आरोपी होऊन बसतो.

या गोंधळात एका संस्थेचं नाव क्वचितच कुणाच्या तोंडी येतं. ती म्हणजे महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. डॉक्टरला ‘उद्यापासून रुग्ण तपासायचे नाहीत’ असं सांगण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. तो कुठून आला आणि कुठे संपतो, हे या प्रकरणात पाहू.

१. एक नोंदवही

एमबीबीएसची पदवी विद्यापीठ देतं. पण पदवी भिंतीवर लावली म्हणून कुणाला रुग्ण तपासता येत नाहीत. त्यासाठी वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. पदवी म्हणजे शिक्षण झाल्याचा दाखला आणि नोंदणी म्हणजे व्यवसाय करण्याची परवानगी.

ही कल्पना ब्रिटनची. तिथे १८५८ साली कायदा झाला. शिकलेला डॉक्टर कोण आणि भोंदू कोण हे रुग्णाला ओळखता यावं, एवढाच त्याचा घोषित हेतू होता. गंमत म्हणजे त्या कायद्याने भोंदूंवर बंदी घातलीच नाही. शिकलेल्यांची यादी केली आणि निवड लोकांवर सोडली.

मुंबई इलाख्यात असा कायदा १९१२ साली आला, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९१६ साली. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तिथला कायदा वेगळा होता. राज्य एक झाल्यावर या वेगवेगळ्या वह्या एकत्र करणं भाग होतं. ते काम १९६५ च्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषद कायद्याने केलं.

आज या वहीतलं नाव दर पाच वर्षांनी नव्याने नोंदवावं लागतं. त्यासाठी डॉक्टरला त्या पाच वर्षांत परिषदा, कार्यशाळा वगैरेंना हजर राहून ३० गुण मिळवावे लागतात. प्रत्येक नोंदणीला क्रमांक असतो. तो चिठ्ठीवर, पावतीवर, प्रमाणपत्रावर छापणं बंधनकारक आहे. रुग्णाला मोबाइलवरून खात्री करता यावी म्हणून परिषदेने २०२५ मध्ये दवाखान्यांत क्यूआर कोड लावण्याची योजनाही आणली. चिठ्ठीवर क्रमांक नसेल तर तो विचारण्यात संकोच नको. आपण रिक्षाचं मीटर बघतो, मग हे का नको?

परिषदेचं सगळं बळ या वहीत आहे. तिला नाव लिहिता येतं, लिहिलेलं नाव काही महिन्यांसाठी बाजूला ठेवता येतं, कायमचं खोडता येतं, किंवा न खोडता ताकीद देता येते. भरपाई द्यायला लावणं किंवा तुरुंगात धाडणं तिच्या हातात नाही. पुढचं सगळं समजायला हे पक्कं लक्षात ठेवावं लागेल.

२. एक घटना, तीन दारं

समजा, ट्रकने एका दुचाकीस्वाराला उडवलं. पोलीस चालकावर गुन्हा दाखल करतात. जखमीचे नातेवाईक भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात जातात. आरटीओ चालकाचा परवाना निलंबित करतो. तीन ठिकाणी तीन वेगळे प्रश्न विचारले जातात. याने गुन्हा केला का? नुकसान किती झालं? याच्या हाती पुन्हा स्टिअरिंग द्यावं का? एका ठिकाणचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसरीकडचं तेच येईल असं नसतं.

डॉक्टरच्या बाबतीतही तसंच. गुन्ह्यासाठी पोलीस आणि फौजदारी कोर्ट, भरपाईसाठी ग्राहक आयोग किंवा दिवाणी कोर्ट, आणि परवान्यासाठी वैद्यकीय परिषद.

भरपाईचं दार सामान्य माणसासाठी खऱ्या अर्थाने उघडलं ते १९९५ साली. पैसे घेऊन दिलेले उपचार ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ आहे, असा निर्णय त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिला. जिथे कुणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत असं रुग्णालय त्यातून वगळलं. इथे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. दुःखातून सावरता सावरता ती निघून गेलेली असते, हे अनेकांना वकिलाकडे गेल्यावरच कळतं.

फौजदारी दार मुद्दाम जड ठेवलं आहे. २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे, निष्काळजीपणा ढळढळीत असला पाहिजे. शिवाय पोलिसांनी आधी एखाद्या तटस्थ, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं. रोज जोखीम घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर बेडीची भीती टांगली, तर तो अवघड रुग्णाला हातच लावणार नाही, असा त्यामागचा विचार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हलगर्जीपणाने मृत्यू घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उपचार करताना तसं घडलं आणि करणारा नोंदणीकृत डॉक्टर असला, तर कमाल दोन वर्षं. ‘नोंदणीकृत’ हा शब्द इथे महत्त्वाचा. ही सवलतसुद्धा वहीत नाव असलेल्यालाच आहे.

आता मुंबईचं एक प्रकरण पाहू. १९८७ साली कर्करोग पसरलेल्या एका बाईंना अमेरिकेतल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नाही असं सांगितलं होतं. मुंबईतल्या एका नामवंत सर्जननी मात्र शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. प्रत्यक्षात पोट उघडलं दुसऱ्याच डॉक्टरने. आतली अवस्था पाहून पुढे काही करण्यासारखं नाही हे स्पष्ट झालं आणि पोट पुन्हा शिवलं गेलं. ज्यांच्या भरवशावर कुटुंबाने हे सारं मान्य केलं होतं, त्या सर्जननी शस्त्रक्रियेला हात लावला नाही. पुढे जखमेतून आतड्यातला स्राव बाहेर येऊ लागला. बाईंनी फार सोसलं आणि १९८९ मध्ये त्या गेल्या.

त्यांचे पती सनदी अधिकारी होते. कागद कसा चालवायचा हे जाणणारा माणूस. त्यांनी परिषदेकडे तक्रार केली आणि फौजदारी खटलाही भरला. परिषदेने सर्जनना दोषी धरून कडक ताकीद दिली. खटला मात्र वर्षानुवर्षं चालला. अमेरिकेतल्या डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची होती, पण ते भारतात यायला तयार नव्हते. ती व्हिडिओ कॉन्फरन्सवर घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ठरवलं. आज देशभरातली न्यायालयं पडद्यावरून साक्षी घेतात, त्याची एक पायवाट इथून निघाली. २०११ साली खालच्या कोर्टाने सर्जनना दोषी ठरवलं. शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची, आणि दंड. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तीही रद्द केली. व्यावसायिक कर्तव्यात उणीव राहिली असेल, पण ती फौजदारी गुन्ह्याच्या पातळीला पोहोचत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

घटनेपासून अंतिम निकालापर्यंत २६ वर्षं गेली. परिषद म्हणाली दोषी, सर्वोच्च न्यायालय म्हणालं गुन्हा नाही. वरवर विसंगत वाटतं, पण दोघांसमोरचा प्रश्नच वेगळा होता. मला खटकतो तो परिषदेचा निकाल नव्हे, तिने दिलेली शिक्षा. वहीतलं नाव एक दिवससुद्धा बाजूला ठेवलं गेलं नाही.

३. चूक, दुर्दैव आणि गैरवर्तन

रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर चुकला असं नसतं. मग चूक मोजायची कशी? त्या शाखेतला साधारण जाणकार डॉक्टर त्या परिस्थितीत जे करेल ते केलं का, हा न्यायालयांचा निकष आहे. जगातल्या सर्वोत्तम डॉक्टरशी तुलना होत नाही.

या विषयातला एक पायाभूत निकाल रत्नागिरी आणि पुण्याशी जोडलेला आहे. १९५३ च्या मे महिन्यात पालशेतच्या किनाऱ्यावर अपघात होऊन एका विशीतल्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला इतक्या लांबून पुण्याला आणलं. तिथे भूल न देता, जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला, असं न्यायालयांना आढळलं. मुलगा त्याच दिवशी गेला. वडील स्वतः डॉक्टर होते. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली, रक्कम ३,००० रुपये. रकमेपेक्षा टिकला तो निकालातला विचार. डॉक्टरवर तीन ठिकाणी काळजी घेण्याचं बंधन असतं: हा रुग्ण घ्यावा का हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना, आणि तो देताना. आजही वकील याच तीन पायऱ्यांवर तक्रार मांडतात.

परिषदेचं क्षेत्र मात्र उपचारातल्या चुकीपेक्षा मोठं आहे. ती गैरवर्तनही पाहते. त्यासाठी २००२ ची आचारसंहिता आहे. तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी आणली, पण जेनेरिक औषधांच्या सक्तीसह अनेक मुद्द्यांवर डॉक्टरांनी गदारोळ केला आणि तीन आठवड्यांत ती स्थगित झाली. जुनीच पुन्हा लागू झाली.

त्या जुन्या संहितेत रुग्णाच्या सर्वांत उपयोगाचं कलम कागदांचं आहे. दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरने तीन वर्षं जपून ठेवायची आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितली तर ७२ तासांत द्यायची. सोमवारी सकाळी अकराला अर्ज दिला, तर गुरुवारी सकाळी अकरापर्यंत प्रत हातात हवी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाला’ असा शिक्का आणि वेळ घ्यावी, नाहीतर घड्याळ सुरू झालं हे सिद्ध कसं करणार? ‘केसपेपर ही हॉस्पिटलची मालमत्ता आहे’ हे उत्तर अजूनही ऐकू येतं. गोपनीयतेच्या नावाखाली रुग्णाला त्याचेच कागद नाकारता येणार नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलेलं आहे, आणि त्या खटल्यातला प्रतिवादी दुसरं कुणी नसून महाराष्ट्र वैद्यकीय परिषद होती!

दुसरं कलम ‘कट’चं. रुग्ण पाठवल्याबद्दल तपासणी केंद्राने किंवा मोठ्या डॉक्टरने दिलेलं कमिशन म्हणजे कट. ते देणं आणि घेणं दोन्ही गैरवर्तन आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगाला माहीत आहे. त्यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला, ‘प्रोफेशनल फी’ म्हणून. त्यांनी एक रुग्ण तपासणीला पाठवला होता, एवढीच ती काय सेवा. बावस्करांनी धनादेश वटवण्याऐवजी तक्रार केली आणि २०१३ साली वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. बहुतेक कट रोखीत आणि पाकिटात दिला जातो. म्हणूनच हे कलम जितकं स्पष्ट, तितकं सिद्ध करायला अवघड. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदा करवून घेतला. त्याचा कायदा काही झाला नाही.

गर्भलिंगनिदानात मात्र परिषदेला फारशी निवड उरत नाही. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने पायऱ्या आखून दिल्या आहेत. न्यायालयाने आरोप निश्चित केले की नोंदणी निलंबित. पहिल्यांदा दोषी ठरला की नाव पाच वर्षांसाठी वहीबाहेर. पुन्हा दोषी ठरला तर कायमचं. या विषयावर देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला तो महाराष्ट्राने.

४. तक्रार आत गेल्यावर

तक्रार लेखी असते, सोबत शपथपत्र आणि कागदांच्या प्रती लागतात. हॉस्पिटलचं नाव लिहून चालत नाही. कोणत्या डॉक्टरने, कोणत्या दिवशी, काय केलं किंवा केलं नाही हे लिहावं लागतं. परिषद डॉक्टरला नोटीस पाठवते, तो खुलासा देतो, आणि मग सुनावणी होते. डॉक्टरला वकील देण्याचा हक्क आहे, कारण त्याची रोजीरोटी पणाला लागलेली असते. संहितेप्रमाणे निर्णय सहा महिन्यांत व्हायला हवा. दोषी ठरून नाव काढलं गेलं तर त्याची बातमी स्थानिक वर्तमानपत्रांतून जाहीर करायची असंही संहिता सांगते. नाव काढल्याचं शेजारच्या गावालासुद्धा कळलं नाही, तर काढून काय उपयोग?

निर्णय पटला नाही तर? डॉक्टरला दिल्लीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती आणि नोंदणी मंडळाकडे अपील करता येतं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर खुद्द आयोगाकडे. रुग्णाला? जुन्या संहितेत तोही अपील करू शकत होता. २०१९ च्या कायद्याने अपिलाचा हक्क देताना फक्त डॉक्टरचा उल्लेख केला, आणि त्यावर बोट ठेवून रुग्णांची अपिलं परत पाठवली गेली. त्यांच्यासाठी उरतो उच्च न्यायालयातल्या याचिकेचा महागडा रस्ता. एका पक्षालाच वरच्या पायरीवर जाता यावं, ही तरतूद मला कोणत्याही अंगाने समर्थनीय वाटत नाही.

५. निवाडा करणारे कोण?

डॉक्टरांचा न्याय डॉक्टरच करणार असतील, तर त्यात न्याय कसला? प्रश्न रास्त आहे. पण उलट बाजूही पाहावी लागते. प्रसूतीच्या टेबलावर रात्री दोन वाजता घेतलेला निर्णय योग्य होता का, हे प्रसूतितज्ज्ञाखेरीज कोण सांगणार? न्यायाधीशालाही शेवटी डॉक्टरचीच साक्ष काढावी लागते. जाणकार पंच आणि तटस्थ पंच दोन्ही हवे असतात, आणि ते एकाच माणसात सापडणं कठीण.

महाराष्ट्रात परिषदेचे नऊ सदस्य डॉक्टरांच्या मतांनी निवडून येतात. ज्यांची मतं मागायची त्यांनाच शिक्षा करायची, अशी ती रचना. १९९२ च्या निवडणुकीत गैरप्रकारांचे आरोप झाले. त्या निवडणुकीत तत्त्व म्हणून उतरलेल्या मुंबईच्या काही डॉक्टरांनी पुढे वैद्यकीय नीतीला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. पराभवातून निघालेलं इतकं टिकाऊ काम विरळाच. निवडून आलेल्या मंडळाची मुदत २०२२ साली संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला.

देशपातळीवर तर याहून वाईट झालं. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या अध्यक्षांना २०१० साली सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली आणि परिषद बरखास्त झाली. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये तिची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. तिथे बहुतेक सदस्य सरकार नेमतं. डॉक्टरांच्या मतपेटीचा दबाव गेला, मंत्रालयाचा आला.

डॉक्टर पंच आणि न्यायालय यांच्यात किती अंतर पडू शकतं, हे कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात दिसलं. १९९८ साली त्यांचा मृत्यू झाला. पश्चिम बंगालच्या परिषदेला डॉक्टरांचा दोष दिसला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१३ साली सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई ठरवली.

६. वहीबाहेरचे

परिषदेचं बळ वहीत आहे, तशी तिची हद्दही वहीतच आहे. ज्याचं नाव तिथे नाही, त्याचं ती काही खोडू शकत नाही.

बोगस डॉक्टर हा पहिला. कुणाच्याच वहीत नाव नसलेल्या माणसाविरुद्ध परिषदेकडे अर्ज केला, तर ती फार तर तो पोलिसांकडे पाठवेल. तिथे सरळ गुन्हा नोंदवावा लागतो. २०१९ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

रुग्णालय हे दुसरं. परिषद माणसं नोंदवते, इमारती नाही. अवाच्या सवा बिल, अनामत भरल्याशिवाय दाखल न करणं, मृतदेह अडवणं या तक्रारी परिषदेकडे नेल्या तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असं उत्तर येतं आणि ते बरोबर असतं. खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली महापालिका किंवा जिल्ह्याचं आरोग्य खातं करतं. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं. तक्रार त्यांच्याकडे. रुग्णालय धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बलांसाठी राखाव्या लागतात. ती तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे.

परिचारिका, औषधविक्रेते, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट या प्रत्येकाची परिषद वेगळी, वही वेगळी. इंजेक्शन चुकीचं दिलं गेलं तर ते लिहून देणाऱ्याची तक्रार एका दारात आणि टोचणाऱ्याची दुसऱ्या दारात.

सर्वांत गुंतागुंत आहे ती दुसऱ्या वहीत नाव असलेल्यांची. १९९२ च्या जुलैत मुंबईत तापाने आजारी पडलेल्या एका माणसाला होमिओपॅथी डॉक्टरने चाचण्या न करता ॲलोपॅथीची औषधं दिली. काही दिवसांत तो दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन लाखांची भरपाई दिली. ज्या पद्धतीत नोंदणी नाही त्या पद्धतीचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करायची गरज नाही, असा तो निर्णय. तरीही ग्रामीण महाराष्ट्रात रात्री दार उघडणारा डॉक्टर बहुधा होमिओपॅथीचा किंवा आयुर्वेदाचाच असतो, हेही खरं आहे. २०१४ साली राज्याने कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथ डॉक्टरांना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधं लिहिण्याची वाट मोकळी केली. डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २०२५ मध्ये अशा डॉक्टरांची नावं महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे वेगळ्या वहीत नोंदवण्याचा आदेश निघाला आणि सप्टेंबरमध्ये राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला.

संपात चर्चा झाली ती औषधांची. रुग्णाच्या बाजूचा प्रश्न वेगळाच आहे. ज्याचं नाव दोन वह्यांत आहे अशा डॉक्टरने सकाळी साबुदाण्याच्या गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी प्रतिजैविक. रुग्णाला त्रास झाला. तक्रार कोणत्या परिषदेत करायची? आणि एका परिषदेने नाव खोडलं, तर दुसऱ्या वहीतल्या नावावर तो दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडू शकेल का?